गावातून दुहेरी खेळायची असेल तर

बॅडमिंटनच्या एकेरीत नंबर लागत नाही, तर दुहेरीत टाकून पाहू, असं घरी ठरवून पोराला घेऊन येणारे आईबाप मला दर उन्हाळ्यात भेटतात. त्यांना आधी पाणी देते, मग सांगते की उरलंसुरलं म्हणून दुहेरी खेळता येत नाही. तो वेगळाच खेळ आहे, त्यातलं करिअरही वेगळ्या वाटेनं जातं, आणि हिंगणघाट तालुक्यातल्या आमच्यासारख्या गावातून निघणाऱ्या पोरासाठी ती वाट एकेरीपेक्षा जास्त चालण्याजोगी आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. मी महिला दुहेरी खेळले. राज्याच्या संघात होते, सिनियर नॅशनल खेळले, पदरचे पैसे घालून छोट्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांना गेले, खेळाडू कोट्यातून नोकरी लागली. आता सुट्टीच्या दिवशी गावातले पोट्टे-पोट्ट्या माझ्याकडे शिकायला येतात. एकेरीवाल्यांनी पुढचं वाचून राग मानू नये.

आधी जागा

आमचं कोर्ट म्हणजे जिनिंगचं जुनं गोदाम. मालक बाबांच्या ओळखीचे, म्हणून भाडं घेत नाहीत, पण अट आहे. दसऱ्यानंतर कापूस यायला लागला की नेट सोडायचं आणि होळीच्या आसपास शेवटच्या गाठी ट्रकवर चढल्या की पुन्हा बांधायचं. मधल्या महिन्यांत शाळेच्या पटांगणात, पहाटे वारा पडलेला असताना, नायलॉनच्या शटलवर भागवतो.

गोदामाच्या छताच्या लोखंडी कैच्या जमिनीपासून जेमतेम वीस फुटांवर आहेत. मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेला कोर्टावर १२ मीटर मोकळी उंची लागते, म्हणजे आमच्या जवळजवळ दुप्पट. आमच्याकडे क्लिअर, म्हणजे शटल उंचावरून पार मागे घालवणारा फटका, मारला की तो कैचीला लागून तिथंच खाली येतो. उंच सर्व्हिस, बेसलाइनपर्यंतचा क्लिअर, खालून उचललेली खोल लिफ्ट, म्हणजे एकेरीचा अर्धा खेळ या छताखाली शिकताच येत नाही. पण दुहेरीत शटल उंच उचललं की आपण समोरच्याच्या हातात स्मॅश देतो. म्हणून चांगली जोडी शटल खाली ठेवण्यासाठीच धडपडते. शॉर्ट सर्व्हिस, तिचा रिटर्न, सपाट जाणारी ड्राइव्ह, हलकेच ढकललेला पुश, नेटवरून खाली ठोकलेला किल, स्मॅश नुसता अडवणारा ब्लॉक, हे सगळं पंधरा फुटांच्या आत घडतं. बुटक्या छताखाली पोरांची उगाच लिफ्ट करायची खोड आपोआप मोडते. शहरातल्या उंच हॉलमध्ये वाढलेल्या मुलांपुढे आमच्या पोरांची ड्राइव्ह उजवी पडते, हे मी पुष्कळदा पाहिलंय. उंच डिफेन्ससाठी मात्र महिन्यातून एखादा रविवार वर्ध्याला नाहीतर नागपूरला मोठ्या हॉलमध्ये जावंच लागतं. त्याला पर्याय नाही.

कोर्ट आखताना माप चुकवू नका. लांबी १३.४० मीटर, दुहेरीची रुंदी ६.१० मीटर. नेट मध्यभागी १.५२४ मीटर आणि खांबांपाशी १.५५ मीटर. नेटपासून १.९८ मीटरवर शॉर्ट सर्व्हिसची रेघ, आणि मागच्या रेघेच्या आत ०.७६ मीटरवर दुहेरीच्या लांब सर्व्हिसची रेघ. ही शेवटची रेघ गावाकडच्या कोर्टांवर बहुतेक वेळा काढलेलीच नसते, कारण एकेरीला ती लागत नाही. ती नसेल तर फ्लिक सर्व्हिस, म्हणजे शॉर्टचं भासवून मागे उडवलेली, आत पडली की बाहेर, हे पोरांना कधी कळतच नाही, आणि मग जिल्हा स्पर्धेत लाइन जजशी वाद घालत बसतात.

सिमेंटच्या फरशीवर जंप स्मॅश करायला लावू नका. गुडघे वीस वर्षांच्या आतच बोलायला लागतील. आमच्याकडे उड्या सगळ्या बाहेर, मातीत. आत फक्त हात आणि छोटी पावलं. दिवे कोर्टाच्या डोक्यावर न लावता दोन्ही बाजूंना लावा, नाहीतर वर पाहिलं की डोळे दिपतात.

शटल आणि आपला उन्हाळा

पिसांचं शटल सोळा पिसांचं असतं, वजन ४.७४ ते ५.५० ग्रॅम. डब्यावर ७५ पासून ७९ पर्यंत आकडा असतो. आकडा मोठा तसं शटल जोरात जातं. तापलेली हवा पातळ असते, त्यामुळे मे महिन्यात आपल्याकडे तेच शटल हातभर जास्त लांब पडतं. म्हणून उन्हाळ्यात ७५-७६ आणि थंडीत ७७-७८ घ्या. दुकानदार जे पडलंय ते देतो, तुम्ही आकडा मागून घ्या.

दुसरी भानगड कोरडेपणाची. आपल्या उन्हाळ्यात हवेत ओल नसते आणि पिसं पापडासारखी मोडतात. एका गेममध्ये दोन-दोन शटल जातात. यावर खेळाडूंचा जुना उपाय म्हणजे वाफ. माझी आई सकाळी चहाचं आधण ठेवते तेव्हाच मी डबे घेऊन चुलीपाशी बसते. डब्याची दोन्ही टोकं उघडायची, पिसांची बाजू खाली करून वाफेवर दहा-पंधरा सेकंद धरायचं, हात भाजेल इतकं जवळ नाही. मग झाकण लावून डबा रात्रभर आडवा ठेवायचा. कॉर्कला वाफ लागू द्यायची नाही, तो फुगला की शटल डगमगतं. दुसऱ्या दिवशी पिसं लवचीक झालेली असतात आणि शटल जवळजवळ दुप्पट टिकतं. आईला वाटतं, पोरगी एवढी शिकली आणि कोंबडीच्या पिसांना वाफ देऊन राहिली. पिसं बदकाची नाहीतर हंसाची असतात, हे तिला कितीदा सांगितलं.

पिसांच्या शटलचा डझन आता निंदणाच्या बाईच्या आठवड्याच्या मजुरीच्या घरात जातो. म्हणून सर्व्हिस आणि नेटचा सराव जुन्या, एक-दोन पिसं मोडलेल्या शटलवर करा. ड्राइव्हला नायलॉन चालतं. उष्ण दिवसांत हिरव्या पट्टीचं, म्हणजे हळू जाणारं घ्या. पण स्पर्धेच्या आधीचे आठ दिवस पिसांच्या शटलशिवाय खेळू नका. नायलॉन हवेत तितकं अडत नाही, आणि हाताला चुकीचा वेळ बसतो.

रॅकेटबद्दल फार बोलत नाही. ८० ते ८४ ग्रॅमच्या आतबाहेरची, डोकं हलकं असलेली घ्या. दुहेरीत हात पटकन परत वर यावा लागतो. तारेचा ताण मुलांसाठी २२-२४ पौंड पुरे. तार ओढून देणारा दुकानदार गावात नसतो, म्हणून सारख्या ताणाच्या दोन रॅकेट हव्यातच.

पहिले चार फटके

आपल्या दुहेरीतल्या सात्विकसाईराज रंकीरेड्डीचा ताशी ५६५ किलोमीटरचा स्मॅश २०२३ मध्ये गिनेसमध्ये नोंदला गेला. तो व्हिडिओ सगळ्या पोरांनी पाहिलाय आणि सगळ्यांना स्मॅशच मारायचाय. पण स्मॅश मारायला शटल कोणीतरी वर उचलून द्यावं लागतं. ते उचलायला भाग पाडतात पहिले चार फटके: सर्व्हिस, रिटर्न, तिसरा आणि चौथा. जिल्हा पातळीवर ज्या जोडीचे हे चार फटके बसलेले असतात तिला बाकी काही येत नसलं तरी ती उपांत्य फेरी गाठते.

सर्व्हिसचा सराव असा करा. नेटच्या पांढऱ्या पट्टीच्या वर, चार बोटं अंतर सोडून, या खांबापासून त्या खांबापर्यंत सुतळी बांधा. शटल पट्टी आणि सुतळी यांच्यामधल्या फटीतून गेलं पाहिजे आणि पलीकडे शॉर्ट सर्व्हिसच्या रेघेवर पडलं पाहिजे. शटल पिसांच्या टोकाला, अंगठा आणि पहिल्या बोटाच्या चिमटीत धरा. बॅकहँड पकड, अंगठा मुठीच्या रुंद बाजूवर. मनगट झटकायचं नाही, अंगठ्यानं ढकलायचं. कोपर शरीरापासून थोडं पुढे. श्वास सोडता सोडता मारा, हात कापत नाही. पंचवीस शटल मधल्या कोपऱ्यात, मग पंचवीस बाहेरच्या रेघेकडे. पोरांना हे कंटाळवाणं वाटतं. आमच्याकडची एक पोट्टी रोज विचारायची, “ताई, हे कायले? खेळाले कवा भेटीन?” आता तिची सर्व्हिस पाहून समोरची पोरं मागे सरकून उभी राहतात.

२०१८ पासून नियम आहे की सर्व्हिस करताना शटल जमिनीपासून १.१५ मीटरच्या खाली असलं पाहिजे. एक बांबू घ्या, १.१५ मीटरवर लाल टेप लावा आणि सर्व्हिस करणाऱ्याच्या बाजूला उभा करा. गावात कोणी फॉल्ट देत नाही, म्हणून पोरं छातीपाशी धरून सर्व्हिस करतात आणि राज्य स्पर्धेत पहिल्याच गेममध्ये सर्व्हिस जजनं दोनदा हात वर केला की हातपाय गळतात. शटल सोडताना बोटांनी गिरकी द्यायची, ही स्पिन सर्व्हिसही २०२३ पासून बंद आहे. यूट्यूबवर तिचे व्हिडिओ अजून फिरतात, त्यावर वेळ घालवू नका.

फ्लिकची तयारी शॉर्टसारखीच दिसली पाहिजे. तेवढंच तिचं बळ.

रिटर्न घेणाऱ्यानं रेघेला चिकटून उभं राहायचं, रॅकेट डोक्यासमोर, वजन पुढच्या पायावर. शटल पट्टीच्या खाली उतरायच्या आत घ्यायचं. तीन जागा डोक्यात ठेवा: एक नेटजवळ; दुसरी बाजूच्या रेघेलगत, पुढच्याच्या मागे आणि मागच्याच्या पुढे, पुश करून; तिसरी सर्व्हिस करणाऱ्याच्या मागे उभ्या असलेल्या जोडीदाराच्या अंगावर. पहिली दोन वर्षं तिसरीच जास्त वापरा. अंगावर आलेलं शटल परत करताना चांगले चांगले वाकडे होतात.

तिसरा फटका बहुतेक वेळा सर्व्हिस करणाऱ्याचाच असतो, म्हणून सर्व्हिस झाल्या झाल्या त्याची रॅकेट वर यायला हवी. मुलं सर्व्हिस करून पाहत बसतात, कशी गेली म्हणून. तिथेच गुण जातो.

पुढचं सगळं उभं राहण्याचं आहे. हल्ला करताना एक पुढे एक मागे, बचावात दोघं बाजू-बाजूला. शटल आपण वर उचललं की त्याच क्षणी बाजूला फुटायचं. मधून आलेला स्मॅश कोणाचा, यावरून गावोगावच्या जोड्या भांडतात. याचं साधं उत्तर आहे. स्मॅश मारणाऱ्याच्या समोर जो आहे, तो रेघ सांभाळतो. तिरप्या बाजूला जो आहे, तो मधलं घेतो. हे सरावात शंभरदा ठरवून केलं नाही, तर सामन्यात दोघंही एकमेकांकडे पाहतात. हाक मारताना ‘माझा’, ‘तुझा’ नको. धावपळीत दोन्ही सारखेच ऐकू येतात. आम्ही ‘मी’ आणि ‘सोड’ एवढंच ओरडायचो.

जोडीदार

आता खरा विषय. रॅकेट विकत मिळते, जोडीदार मिळत नाही.

ज्वाला गुट्टाचा जन्म वर्ध्याचा, हे आमच्याच जिल्ह्यात पुष्कळांना माहीत नसतं. ती डावखुरी, अश्विनी पोनप्पा उजवी. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत या दोघींनी महिला दुहेरीचं सुवर्ण घेतलं आणि २०११ मध्ये लंडनला जागतिक स्पर्धेत कांस्य. त्याआधी जागतिक स्पर्धेत भारताचं एकच पदक होतं, १९८३ चं प्रकाश पदुकोण यांचं. म्हणजे सायना-सिंधूच्या पदकांच्या आधी दुहेरीचं पदक आलं. मीही डावखुरी, त्यामुळे त्या काळात या दोघींचे सामने मी अभ्यास म्हणून पाहत असे. डावखुरा आणि उजवा अशी जोडी असली की समोरच्याला दर गुणाला बॅकहँड कुठे आहे, हे नव्यानं शोधावं लागतं. तुमच्या तालुक्यात एखादं डावखुरं पोर असेल तर त्याला शोधून काढा. बाकी सगळे त्याला मागतीलच.

दुसरं उदाहरण सात्विक आणि चिराग शेट्टीचं. एक आंध्रातल्या अमलापुरम या छोट्या गावाचा, दुसरा मुंबईचा. वयात तीन वर्षांचं अंतर. दोघंही मागून ठोकणारे. मलेशियाचे प्रशिक्षक टॅन किम हर यांनी त्यांना एकत्र आणलं, तेव्हा पुढे कोण खेळणार हाच प्रश्न होता. चिरागनं पुढचा खेळ शिकून घेतला. २०२२ मध्ये भारतीय पुरुष संघासोबत थॉमस कप आणि दुहेरीचं जागतिक कांस्य, २०२३ मध्ये आशियाई खेळांचं सुवर्ण आणि जगात पहिला क्रमांक. यातून घ्यायचं एवढंच की जोडीत एकाला आपल्या आवडीचा खेळ बाजूला ठेवावा लागतो, आणि तो कोण, हे आधी बोलून ठरवावं लागतं. न बोलता ठरलं की कमी बोलणाऱ्यावर ते येऊन पडतं.

गावातून जोडीदार शोधायचा कसा? जिल्हा आणि विभागाच्या स्पर्धेत हरल्यावर लगेच एसटी पकडून घरी येऊ नका. थांबा, बाकीचे सामने पाहा. कोण चांगला मारतो ते पाहू नका, ते सगळ्यांनाच दिसतं. १९-१९ असताना जोडीदाराची सर्व्हिस नेटमध्ये गेली, तेव्हा दुसऱ्याचं तोंड कसं झालं, ते पाहा. मी माझी जोडीदार अशीच हेरली. तिच्या तेव्हाच्या जोडीदारानं सोपा किल बाहेर घालवला, आणि हिनं तिच्या बुटाची लेस सुटलीय, एवढंच तिला दाखवलं. मग आधी तिच्या कोचशी बोला, नंतर घरच्यांशी, शेवटी तिच्याशी. उलट क्रमानं गेलात तर ‘पोरगी फोडली’ असा बोभाटा होतो.

माझी जोडीदार नाशिककडची होती. महिन्यातले दहा दिवस ती आमच्याकडे, नाहीतर मी तिच्याकडे. आईनं तिला पहिल्याच मुक्कामात पाटोडी आणि झुणक्याचा धाक घातला. इतक्या लांबचा जोडीदार असेल तर उरलेल्या दिवसांत दोघांनी एकच सराव करायचा, एकाच वेळी, आणि रात्री फोनवर बोलायचं. पहिल्या दोन स्पर्धा चाचणी म्हणून खेळा. त्यानंतर चार गोष्टी कागदावर लिहून घ्या: वर्षात कोणत्या स्पर्धा, प्रवासाचा आगाऊ खर्च कोण करणार, बक्षिसाची वाटणी, आणि एकाला दुखापत झाली तर दुसऱ्यानं तात्पुरत्या जोडीदारासोबत खेळायचं की नाही. मिश्र दुहेरी खेळणार असाल तर पाचवी गोष्ट तीच, कारण एकाच दिवशी दोन सामने आले की पाय कुणासाठी राखून ठेवायचे, यावरून मनं दुखावतात.

आणि दोघांच्या घरच्यांनी प्रेक्षकांत शेजारी बसू नये. हे मी अगदी गंभीरपणे लिहितेय.

वाट कशी जाते

शाळेच्या स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा चढतात. आपला विभाग नागपूर. त्या खेळाच, पण करिअरची नोंद संघटनेच्या स्पर्धांतून होते: जिल्हा संघटना, मग महाराष्ट्र बॅडमिंटन असोसिएशन, मग भारतीय बॅडमिंटन संघटना. खेळाडूची नोंदणी ऑनलाइन होते, आणि तिथे गावाकडच्या पोरांचं घोडं एकाच ठिकाणी अडतं. जन्मदाखल्यावर एक तारीख, आधारवर दुसरी आणि शाळेत गुरुजींनी लावलेली १ जून. या तिन्ही तारखा पोरगं दहा वर्षांचं असतानाच एक करून घ्या. स्पर्धेच्या आदल्या दिवशी ग्रामपंचायतीत धावून काही होत नाही.

पंधरा वर्षांखालच्या गटापर्यंत एकेरी आणि दुहेरी दोन्ही खेळा. एकेरीनं पाय तयार होतात. सतरा वर्षांखालच्या गटात आलात की एक निवडा. दोन्ही दगडांवर पाय ठेवणाऱ्यांना एकेरीचा सामना संपवून अर्ध्या तासात दुहेरीला उतरावं लागतं आणि मग दोन्हीकडे हरतात.

सिनियर नॅशनल काय असते, ते एकदा तरी प्रत्यक्ष पाहा. २०१७ मध्ये ती नागपूरला मानकापूरच्या क्रीडा संकुलात झाली. सायना-सिंधूच्या अंतिम सामन्याला गर्दी उसळली होती, सायना जिंकली. पण मी गेले होते पुरुष दुहेरीसाठी. मनू अत्री आणि सुमीत रेड्डी यांनी सात्विक-चिरागला तीन गेममध्ये हरवलं. सात्विक तेव्हा सतरा वर्षांचा होता. स्मॅश त्याचा तेव्हाही जबर होता, पण मनू-सुमीत सर्व्हिस आणि रिटर्नमध्ये जुने मुरलेले होते. सोबत नेलेल्या पोरांना मी एकच काम दिलं होतं: शटलकडे पाहू नका, ज्याच्याकडे शटल नाही त्याचे पाय पाहा.

परदेशी किंवा आंतरराष्ट्रीय स्पर्धेत तुम्ही स्वतः नाव घालू शकत नाही, प्रवेशिका राष्ट्रीय संघटनेमार्फतच जाते. सगळ्यात खालची पायरी फ्युचर सिरीज, मग इंटरनॅशनल सिरीज, इंटरनॅशनल चॅलेंज, आणि त्यावर वर्ल्ड टूरच्या सुपर १००, ३००, ५००, ७५०, १००० अशा पायऱ्या. क्रमवारीत गेल्या ५२ आठवड्यांतले सर्वांत चांगले दहा निकाल धरतात. दुहेरीत हे गुण जोडीच्या नावावर असतात. जोडी मोडली की नव्या जोडीचं खातं शून्यापासून. म्हणून एका वाईट हंगामावरून जोडी मोडायची घाई करू नका. मोडायचीच तर हंगाम संपल्यावर, समोरासमोर बसून.

पहिल्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा देशातच खेळा. २०२२ मध्ये नागपूरलाच इंटरनॅशनल चॅलेंज झाली होती. घरची भाकरी बांधून आंतरराष्ट्रीय गुण मिळवायची अशी संधी सोडायची नसते. त्यानंतर नेपाळ, बांगलादेश, श्रीलंका, मालदीव. पासपोर्ट मात्र अठरा व्हायची वाट न पाहता काढून ठेवा.

पैसा

वर्ल्ड टूरच्या सुपर १०० स्पर्धेत एकूण बक्षीस एक लाख डॉलर धरलं, तर एकेरीच्या विजेत्याला साडेसात टक्के म्हणजे ७,५०० डॉलर मिळतात. दुहेरीच्या विजेत्या जोडीला ७.९ टक्के, म्हणजे ७,९०० डॉलर. ते दोघांत वाटले की प्रत्येकी ३,९५०. कर वेगळा. आणि हे विजेत्याचं. पहिल्या फेरीत हरलात तर हाती काही लागत नाही, फ्युचर सिरीजला तर बहुतेकदा बक्षीसच नसतं. तेव्हा बक्षिसाच्या जोरावर दुहेरी खेळणारे देशात मोजके. बाकीच्यांचं घर नोकरीवर चालतं. दुहेरीचा एकच आर्थिक फायदा: खोली दोघांत, टॅक्सी दोघांत, शटल दोघांत.

दुसरा फायदा वर्षांचा. इंडोनेशियाचा हेंद्रा सेतियावान २०१९ मध्ये पस्तिशीला टेकला असताना मोहम्मद अहसानसोबत जगज्जेता झाला. अश्विनी पोनप्पा २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकला चौतिशीत खेळली. एकेरीत या वयाला टिकणारे विरळा. कोर्टाचा अर्धा भार दुसऱ्यावर असतो, आणि सर्व्हिस-रिटर्नचं डोकं वयासोबत वाढतं. तेव्हा बाविसाव्या वर्षी नाव झालं नाही म्हणून रॅकेट खुंटीला टांगू नका.

नोकरीसाठी रेल्वे, बँका, तेल कंपन्या, आयकर अशा ठिकाणी खेळाडूंची भरती निघते. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. दहावी-बारावीला क्रीडागुणही मिळतात, पण त्यासाठी शाळेनं वेळेत प्रस्ताव पाठवावा लागतो. शाळेच्या भरवशावर राहू नका, जानेवारीतच मागे लागा.

आरक्षणाचा लाभ घ्यायचा तर प्रमाणपत्राची क्रीडा विभागाकडून पडताळणी करून घ्यावी लागते, आणि तिला वेळ लागतो. जाहिरात निघाल्यावर नव्हे, प्रमाणपत्र हाती पडल्यावर लगेच अर्ज करा. दुहेरीवाल्यांनी आणखी एक पाहायचं: प्रमाणपत्रावर ‘दुहेरी’ हा प्रकार, जोडीदाराचं नाव आणि मिळालेलं स्थान लिहिलंय की नाही. नुसतं ‘बॅडमिंटन, सहभाग’ असं लिहून देणारे आयोजक असतात. बक्षीस समारंभ संपून खुर्च्या उचलायच्या आतच ते दुरुस्त करून, सही-शिक्क्यासह घ्या. सामन्यांचा ड्रॉ आणि निकालपत्रक यांचा फोटो काढून ठेवा, चार वर्षांनी पडताळणीत तेच मागतात. मूळ प्रमाणपत्रं प्लास्टिकच्या फाइलमध्ये, गोदरेजच्या कपाटात, उंदरांपासून लांब. ‘साहेबांना दाखवून आणतो’ म्हणणाऱ्याच्या हाती फक्त झेरॉक्स.